ससा गावी धाडू नका, गवत शहरात न्या

मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला. राज्य बदलले, पण आपल्या माणसांचे हैदराबादला जाणे-येणे काही थांबले नाही. आजही शेतकरी घरांतील मुले-मुली शिक्षणासाठी व नोकरीसाठी काचीगुडा स्टेशनात उतरतात, आणि उस्मानिया विद्यापीठ जवळ म्हणून नल्लकुंटा, विद्यानगर, बरकतपुरा या भागांत बिऱ्हाड करतात. नल्लकुंटा म्हणजे तेलुगूत काळे तळे. नावात तळे असले तरी वस्ती आता दाट आहे. अंगणाच्या घरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, आणि दोन खोल्यांत चार माणसे राहतात.

अशा घरात वाढदिवसाला किंवा नाताळात, मुलांच्या हट्टाखातर, ससा येतो. चारमिनारजवळच्या मुर्गी चौकात कोंबड्या-कबुतरांच्या शेजारी ससेही विकायला असतात. पिंजरा हातात धरून नेता येतो, आणि "गाजर घाला, बस्स" एवढाच उपदेश बहुधा बरोबर मिळतो. पहिले तीन-चार महिने कौतुकात जातात. मग एके दिवशी मोबाइलच्या चार्जरची वायर तुटलेली दिसते. पुढे पडद्याची किनार, सोफ्याचा पाय, दाराची चौकट, परीक्षेचे पुस्तक असे एकेक जाते. ससा पहाटे पिंजऱ्याचे गज कराकरा चावतो, भिंतीवर मूत्राची पिचकारी मारतो, हात घातला की गुरगुरतो, एखादे वेळी चावतोही. घरमालक तक्रार करतो. शेवटी घरात निकाल लागतो: "सुटीत गावी जाऊ तेव्हा आजोबांकडे सोडून येऊ. शेतात मोकळा राहील."

म्हणजे हा प्रश्न शहरातल्या फ्लॅटचा दिसला तरी त्याचा शेवट आपल्या बांधावर होतो. म्हणूनच शेतीच्या पानावर तो मांडावासा वाटला. आमचे मत सरळ आहे. ससा गावी धाडू नये. गावचे गवत शहरात न्यावे. सशाच्या ज्या वागण्याला आपण खोडी किंवा दांडगाई म्हणतो, त्यातले बरेचसे गवत नाही, जागा नाही आणि काम नाही म्हणून घडते. ही तीन गोष्टींची उणीव भरून काढली की तंटा पुष्कळ मिटतो.

दात वाढतच राहतात

सशाला २८ दात असतात आणि ते सगळे जन्मभर वाढतात. पुढचे दात आठवड्याला सुमारे २ मिलिमीटर वाढतात. झिजलेच नाहीत तर वर्षाला १० ते १२ सेंटिमीटर होतील. बैलाचे दात पाहून आपण वय सांगतो. सशाचे दात म्हणजे आपली नखेच समजा, रोज वाढणार आणि रोज झिजायला हवीत.

ते झिजवण्यासाठी निसर्गाने गवत दिले आहे. गवताच्या पात्यात वाळूच्या जातीचा कठीण अंश असतो. गवत चघळताना सशाचा जबडा जात्यासारखा आडवा फिरतो आणि दाढा एकमेकींवर घासतात. गाजर, पोळी, भात, बिस्किट यांचे तसे नाही. दोन चाव्यांत ते पोटात जाते, दाढांना काम उरत नाही. मग दाढांना टोके फुटतात, ती जिभेला व गालाला रुततात आणि ससा खाणे सोडतो. कित्येकांना वाटते की लाकडाचा तुकडा दिला म्हणजे झाले. लाकडाने पुढचे दात झिजतात, दाढा झिजत नाहीत. लाकूड द्यावे, पण ते गवताला पर्याय नव्हे.

दुसरी गोष्ट त्याच्या जातीची. पाळीव ससा हा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडील रानसशाचा वंशज. तो जमिनीखाली बिळे खणून कळपाने राहतो. बिळात आडवे आलेले मूळ तो कातरून टाकतो, नाही तर संकटात पळायची वाट अडते. घरातील वायर त्याच्या लेखी असे वाटेत आलेले मूळच आहे. सतरंजी उकरणे म्हणजे बीळ खणणे. त्याला चार्जरची किंमत ठाऊक नाही आणि घरच्या माणसांवर त्याचा रागही नाही.

वागण्याचा अर्थ

गुरांचे हंबरणे कशासाठी हे आपल्याला न सांगता कळते. सशाला आवाज फार नाही, म्हणून त्याचे वागणे पाहावे लागते. तो पहाटे व तिन्हीसांजेला जागा असतो. नेमक्या त्याच वेळी कोंडलेला असला तर गज चावतो. मागचा पाय जमिनीवर आपटला तर त्याला भीती वाटली आहे. पिंजऱ्यात हात घातल्यावर अंगावर येतो, कारण तेवढीच जागा त्याची स्वतःची आहे. चार-सहा महिन्यांचा नर पायांभोवती फिरू लागला, मूत्र उडवू लागला, तर तो वयात आला आहे. स्वतःच्या मऊ लेंड्या तो थेट शेपटीखालून खातो, ते पाहून घरातली मंडळी नाक मुरडतात. पण ती घाण सवय नसून त्याचे रवंथ आहे असे म्हणा ना. त्या लेंड्यांतून त्याला जीवनसत्त्वे व प्रथिने मिळतात, आणि त्या खाऊ दिल्या नाहीत तर तो खंगतो.

मार, मिरची आणि कोंडणे

या तीन उपायांना आमचा विरोध आहे. मारलेला ससा शहाणा होत नाही, भित्रा होतो, आणि भित्रा ससा जास्त चावतो. तो शिकार होणारा प्राणी आहे. मागून आलेला हात त्याला ससाण्याच्या झडपेसारखा वाटतो. वायर चावल्यावर दहा मिनिटांनी मार बसला तर त्याचा संबंध वायरशी लागत नाही, मारणाऱ्या माणसाशी लागतो. वायरीला मिरची लावली तर ती पंजांवाटे डोळ्यांत जाते. शिवाय मिरची वाळली की चावणे पुन्हा सुरू. दिवसभर कोंडले तर अंगातील जोर साचतो आणि सुटल्याबरोबर दुप्पट नासधूस होते.

कान धरून उचलणे हे तर पूर्ण बंद व्हावे. एक हात छातीखाली व दुसरा मागच्या पायांखाली द्यावा. सशाची हाडे हलकी आणि मागचे पाय जोरदार. लोंबकळत लाथा झाडताना त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो.

आणखी एक विचार मनात येतो. ज्या घरात मुलांच्या देखत मुक्या जिवाला वर्तमानपत्राच्या सुरळीने झोडतात, त्या घरातील मुले काय शिकतात? बैलाला पराणी टोचणाऱ्या गड्याला आपण दटावतो. मग हातभर सशाला मारणाऱ्याला गप्प का सोडावे?

घरात काय करावे

वायरी आधी उचलाव्यात. ज्या उचलता येत नाहीत त्या जाड पीव्हीसी पाइपातून न्याव्यात. ठिबकची जुनी नळी चिरून वर चढवण्याची युक्ती सुचेल, पण ती पातळ असते, ससा ती कातरतो. यात केवळ वायरीचे नुकसान नाही. चालू वायर चावली तर ससा विजेच्या धक्क्याने मरतो, आणि उघड्या पडलेल्या तारेने घराला आग लागू शकते. मीटरजवळ गळती होताच वीज तोडणारे यंत्र, म्हणजे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, बसवून घ्यावा. तो लहान मुलांसाठीही उपयोगी पडतो.

पिंजरा ही सशाची झोपण्याची खोली समजावी, तुरुंग समजू नये. दहा फूट लांब व सहा फूट रुंद एवढी वावरायची जागा त्याला मिळावी. तेवढी कायमची जमत नसेल तर निदान पहाटे व संध्याकाळी एकेक खोली बंद करून मोकळे सोडावे. तळाला तारेची जाळी नको, पायाला जखमा होतात. पसरट पेटीत रद्दी कागद घालून त्यावर गवत ठेवावे. खाता-खाता तिथेच लघवी-लेंडी करण्याची त्याला सवय असते, त्यामुळे बाकीचे घर स्वच्छ राहते.

कुरतडायला पेरूच्या व तुतीच्या डहाळ्या, बुरुडाची बांबूची जुनी टोपली, चिकटपट्टी काढलेले पुठ्ठ्याचे खोके द्यावे. रंग किंवा पॉलिश दिलेले लाकूड व प्लायवूड नको. उकरण्यासाठी एका खोक्यात स्वच्छ माती किंवा फाडलेले कागद भरावे. नको त्या जागी दात लावला की एकदाच टाळी वाजवावी, "नाही" म्हणावे आणि लगेच डहाळी पुढे करावी. डहाळी चावली की कोथिंबिरीची काडी द्यावी. रोज असे केले तर काही आठवड्यांत फरक दिसतो. चावणे पूर्ण थांबणार नाही, थांबूही नये. कशावर चावावे एवढेच आपण ठरवायचे.

गवत कोणते, किती

आता मुख्य मुद्दा. सशाच्या आहारात पाचातील चार हिस्से गवत हवे आणि ते दिवसरात्र पुढ्यात हवे. रोज त्याच्या अंगाएवढा ढीग, हा सोपा अंदाज. दोन किलोच्या सशाला महिन्याला सुमारे तीन किलो वाळके गवत लागते. शहरातील दुकानांत परदेशी गवताच्या पिशव्या मिळतात, पण त्या सर्वांना परवडत नाहीत. मग पोळी आणि बिस्किटावर भागवले जाते आणि सगळ्या कटकटीला तिथून सुरुवात होते.

आपल्याकडे मात्र बांधावर मारवेल, पवना, हरळी उभी असते. फुलोऱ्यावर येताना कापावी, सावलीत वाळवावी, हिरवट रंग व वास राहिला पाहिजे. ताग्याच्या गोणीत भरावी, प्लास्टिकच्या पोत्यात नको, बुरशी धरते. बुरशीचे गवत गुरांना घालत नाही तसे सशालाही घालू नये. कुसळी गवत टाळावे, कुसळे तोंडात रुततात. कापसावर किंवा तुरीवर फवारणी झाली असेल तर त्या बांधाचे गवत नकोच. कोवळ्या ज्वारीची हिरवी ताटे गुरांना जशी मारक, तशी सशालाही. लसूणघास वाढत्या पिलाला चालतो. सहा महिन्यांनंतर तो रोज देऊ नये, त्यातील जादा कॅल्शियमने मूत्रमार्गाचा त्रास होतो.

जोडीला ओंजळ-दोन ओंजळी हिरवा पाला पुरे. नल्लकुंट्याच्या भाजी मंडईत मुळ्याचा पाला, गाजराचा पाला, कोथिंबीर सहज मिळते. पुष्कळदा विकणारा पाला तोडून टाकतोच. पालक थोडा, कांदा-लसूण अजिबात नको. गाजर ही मिठाई समजावी, चकतीभर पुरे. कण्हेर, एरंड, घाणेरी आणि कुंडीतील मनी प्लांट यांपासून सशाला लांब ठेवावे.

तेव्हा सणासुदीला मुलांकडे जाताना आपण ज्वारी, डाळ, लोणचे बांधून नेतो, त्याबरोबर एक गोणी गवत का नेऊ नये? बांधावरचे गवत आपल्याला फुकट आहे. त्या सशाला ते औषधाहून मोलाचे आहे.

डॉक्टरांकडे केव्हा

वयात आलेल्या सशाची दांडगाई, मूत्र उडवणे, अंगावर येणे यावर खच्चीकरण हा खरा उपाय आहे. नराचे चार महिन्यांनंतर, मादीचे पाच-सहा महिन्यांनंतर करता येते. मादीला त्याचा आणखी लाभ आहे, कारण चौथ्या वर्षानंतर माद्यांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण फार मोठे असते. शिवाय सशीण ३१ दिवसांत विते आणि व्यायल्यावर लगेच पुन्हा गाभण राहू शकते. नर-मादी एकत्र ठेवले तर वर्षात घर भरून जाईल. नारायणगुड्यात शासकीय पशुवैद्यकीय रुग्णालय आहे, राजेंद्रनगरला पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे. सशांची सवय असलेले डॉक्टर कोण, हे आधी विचारावे. कुत्र्याप्रमाणे शस्त्रक्रियेपूर्वी सशाला उपाशी ठेवू नये; त्याला उलटी होत नाही आणि रिकामे पोट त्याला घातक ठरते.

गरीब स्वभावाचा ससा एकाएकी चावू लागला तर आधी दुखणे शोधावे. हनुवटी ओली, तोंडातून घास पडतो, लेंड्या लहान झाल्या, अशी लक्षणे दाढांची किंवा पोटाची असतात. बारा तास काही खाल्ले नाही तर सकाळची वाट पाहू नये.

घरगुती औषधोपचार टाळावा. कुत्र्याच्या गोचिडांवर वापरतात तो फिप्रोनिलचा फवारा सशाला मारतो. तोंडावाटे दिलेली पेनिसिलिन जातीची औषधे त्याच्या आतड्यातील उपयोगी जंतू नष्ट करून जीव घेतात. शेतकऱ्याच्या घरात ही दोन्ही औषधे असू शकतात, म्हणून मुद्दाम सांगितले.

उन्हाळ्याची वेगळी काळजी हवी. सशाला घाम येत नाही, तो कानांवाटे उष्णता टाकतो. ३० अंशांच्या वर त्याला त्रास होतो आणि हैदराबादेत मे महिन्यात पारा ४० च्या पुढे जातो. गच्चीवर किंवा पत्र्याखाली पिंजरा ठेवू नये. शहाबादी फरशीवर ओल्या पाण्याचा हात फिरवावा, बर्फ केलेली बाटली फडक्यात गुंडाळून जवळ ठेवावी.

चावला तर

ससा चावला की घरचे लोक घाबरून नल्लकुंट्याच्या फीव्हर हॉस्पिटलकडे धाव घेतात. कुत्रा चावलेले रुग्ण तिथे दूरदूरहून येतात, म्हणून ते नाव सर्वांना ठाऊक आहे. घरातच वाढलेल्या सशापासून रेबीज होण्याची शक्यता अगदी कमी. तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, धनुर्वाताच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावे. हळद, चुना, तंबाखू जखमेत भरू नये. सशाला आधी कुत्र्याने किंवा मुंगसाने धरले असेल तर ते डॉक्टरांना सांगावे, निर्णय ते घेतील. सशाची खरूज व नायटा माणसाला लागतो, म्हणून हाताळल्यावर हात धुण्याची सवय मुलांना लावावी.

शेतात सोडणे ही दया नव्हे

"शेतात तर ससे असतातच की," असे कोणी म्हणेल. पण आपल्या शेतातील ससा निराळा. तो बिळात राहत नाही, उघड्यावर राहतो. त्याची पिले केसांसह व डोळे उघडे ठेवून जन्मतात, पाळीव सशाची पिले उघडी व आंधळी. वेगाने पळण्यावर आणि मातकट रंगावर तो जगतो. पिंजऱ्यातला पांढराशुभ्र ससा उसाच्या कडेला सोडला तर कुत्रे, मुंगूस, कोल्हा यांना तो लांबून दिसतो. त्याला पळावे कुठे हे कोणी शिकवलेले नाही. बहुधा पहिली रात्रही निघत नाही. जनावर उपासमारीत पडेल अशा स्थितीत सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. तसेच कापणीच्या वेळी सापडलेले रानसशाचे पिलू घरी आणणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या विरुद्ध आहे. ते पिलू पोरके नसते. आई तिन्हीसांजेनंतर पाजायला येते. त्याला तिथेच ठेवावे.

सोडलेला ससा तगला तर काय होते, याचा दाखला ऑस्ट्रेलियात आहे. १८५९ साली थॉमस ऑस्टिन या जमीनदाराने शिकारीच्या हौसेसाठी इंग्लंडहून दोन डझन ससे आणवून सोडले. त्यांनी कुरणे व पिके फस्त केली. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९०१ ते १९०७ या काळात तीन कुंपणे मिळून ३,००० किलोमीटरहून अधिक जाळी उभारावी लागली, तरी ससे पलीकडे गेलेच. १९५० मध्ये त्यांच्यात मुद्दाम रोग सोडला आणि कोट्यवधी ससे मेले. तिथेही सगळ्यांनी सशालाच शिव्या दिल्या. त्याला बोटीत घालून आणले कोणी, हे कोणी विचारले नाही.

आमचे म्हणणे एवढेच की आधी विचार करावा, मग आणावे. ससा आठ-दहा वर्षे जगतो. म्हणजे पाचवीतल्या मुलासाठी आणलेला ससा तो मुलगा कॉलेजात जाईपर्यंत घरात राहणार. तेवढी वर्षे गवत, जागा व वेळ देता येणार नसेल तर मुलाला तसे प्रेमाने सांगावे आणि चित्राच्या सशावर भागवावे. ज्यांनी आणला आहे त्यांनी तो सांभाळावा. नल्लकुंट्याहून फोन आला की "आजोबा, ससा घेऊन येतो," तर आजोबांनी म्हणावे, "बाळा, ससा तिथेच राहू दे. पुढच्या गाडीने मी गवत घेऊन येतो."